वयस्कर अभिनेत्रींच्या भूमिका खरंच बदलल्या आहेत का?

तुम्ही विचारलंय, पन्नाशी-साठीच्या बायकांच्या भूमिका खरंच बदलल्या, की ही एक-दोन हिट सिनेमांची हवा आहे? माझ्या मते सिनेमात बदलल्या आहेत. मालिकांत मात्र सासू अजून देवघर आणि स्वयंपाकघर यांच्या मध्येच उभी आहे.

१९९० च्या 'अग्निपथ'मध्ये रोहिणी हट्टंगडी अमिताभची आई झाल्या. अमिताभ त्यांच्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी मोठा! १९९९ च्या 'वास्तव'मध्ये रीमा लागू आई आणि संजय दत्त मुलगा, दोघांत जेमतेम वर्षाचं अंतर. कामं इतकी ताकदीची की कुणाला खटकलं नाही. पण गोष्ट मुलाची. 'वास्तव'मधली आई शेवटी स्वतः गोळी झाडते, तीसुद्धा मुलाच्या गोष्टीचा शेवट करायला.

मग २०२१ मध्ये 'झिम्मा' आला. सत्तरी ओलांडलेल्या सुहास जोशी त्यात बायकांच्या घोळक्याबरोबर इंग्लंडच्या सहलीला निघतात. २०२३ मध्ये 'बाईपण भारी देवा'त सहा बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येतात, आणि त्यांत रोहिणीताई आहेत. या बायकांना स्वतःला काहीतरी हवंय. खरा बदल मला तिथे दिसतो.

आमच्या वेंगुर्ल्याकडच्या वाडीतल्या बायका 'बाईपण' बघायला गाडी ठरवून गेल्या होत्या. माझी काकी त्यांत होती. तिने जन्मभर जत्रेत रात्र-रात्र जागून दशावतार पाहिला, आणि त्यात राणी काय नि दासी काय, लुगडं नेसलेले पुरुषच. चतुर्थीला घरोघरी फुगड्या रंगतात तेव्हा सगळी गाणी काकीला तोंडपाठ. त्यामुळे पडद्यावर तिच्या वयाची बाई खेळाला उभी राहिली तशी ती मोठ्याने म्हणाली, "ह्यां तर आमच्याच घरातलां!" येताना गाडीत बहिणींच्या भांडणात चूक कोणाची यावरून अशी जुंपली की ड्रायव्हरलाही मत द्यावं लागलं. मुलाच्या किंवा नवऱ्याच्या सिनेमावर या बायका अशा कधी भांडल्या नव्हत्या. आणि तिकिटाचे पैसे त्यांनी आपापल्या बटव्यातून दिले होते. निर्मात्यांनी हे नीट लक्षात घ्यावं, कारण अशा भूमिका टिकतील त्या याच बायकांच्या जोरावर.

मला अजून एक भूमिका हवी आहे. बंदरावर माशांच्या लिलावात बोली लावणारी, उधारी तोंडी लक्षात ठेवणारी, साठीची आमच्याकडची मासेविक्रेती. रोहिणीताईंच्या तोडीची अभिनेत्री घ्या, तिला मालवणी नीट शिकवा, आणि अख्खा सिनेमा तिच्यावर करा.