फवारणी पंपाच्या लिथियम बॅटऱ्या: घरी ॲसिडात टाकू नका, निवडायला शिका

भाऊ, दारव्ह्याकडच्या गावांतून तुम्ही फवारणी पंप, मोबाइल आणि इ-स्कूटरच्या निकामी लिथियम बॅटऱ्या गोळा करता, आणि व्हिडिओत दाखवतात तसं सल्फ्युरिक ॲसिड वापरून घरीच कोबाल्ट काढता येईल का, असं विचारलं आहे. माझं म्हणणं स्पष्ट आहे. गोळा जरूर करा, पण बॅटरीच्या आतले सेल फोडू नका.

कारखान्यात बॅटरीचं चार्जिंग आधी पूर्ण उतरवतात, मग बंद यंत्रात भरडतात. तांबं, ॲल्युमिनियम, प्लास्टिक बाजूला काढलं की काळी पावडर उरते, तिलाच ब्लॅक मास म्हणतात. ती सल्फ्युरिक ॲसिड आणि हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये विरघळवतात. व्हिडिओ इथंच संपतो आणि खरं काम इथून सुरू होतं. त्या पाण्यातून कोबाल्ट, निकेल, मँगनीज, लिथियम एकेक करून वेगळं करावं लागतं. घरी सगळं एकत्र असलेलं रंगीत पाणी हाती येईल, ते कोणी विकत घेणार नाही, आणि नाल्यात ओतलं तर गावच्याच विहिरीत उतरेल. त्यात सेलमधल्या द्रवातल्या क्षाराला ओलावा लागला की हायड्रोजन फ्लोराइड तयार होतो. तो फुप्फुसं जाळतो, कातडीतून हाडापर्यंत पोचतो. घरात लेकरं आहेत, एवढं तरी मनात धरा.

तुमची कमाई निवडण्यात आहे. पॅकवरचं, म्हणजे एकत्र जोडलेल्या सेलच्या गठ्ठ्यावरचं, लेबल वाचा. 11.1 व्होल्ट म्हणजे 3.7 चे तीन सेल. यात बहुधा निकेल-कोबाल्ट असतं. 12.8 व्होल्ट म्हणजे 3.2 चे चार सेल. हे लोह-फॉस्फेटचे, यात कोबाल्ट-निकेल अजिबात नाही, म्हणून भावही कमी. मोबाइलच्या बॅटऱ्या वेगळ्याच ठेवा. त्यांत बहुतेक वेळा लिथियम कोबाल्ट ऑक्साइड असतं आणि त्या संयुगाच्या वजनात 60 टक्के कोबाल्टच असतं. मँगनीज आपल्या भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीतून निघतं, कोबाल्ट मात्र देशाला बाहेरूनच आणावं लागतं. त्यामुळे मोबाइलचा ढीग लोह-फॉस्फेटमध्ये मिसळला तर नुकसान तुमचंच. नुसतं 12 व्होल्ट लिहिलेली जड बॅटरी बहुधा शिशाची असते, तिचा हिशेब भंगारवाल्याला ठाऊक आहेच.

पॅक मेला म्हणजे सगळे सेल मेले असं नसतं. कित्येकदा एकच सेल बसलेला असतो, नाहीतर आतला सर्किट बोर्ड गेलेला असतो. पॅक उघडायचं काम मात्र बॅटरी दुरुस्त करणाऱ्या माहितगाराकडूनच करून घ्या. 2 व्होल्टच्या खाली गेलेला सेल परत चार्ज करू नये. आतलं तांबं विरघळून शॉर्ट होतो आणि पेट घेतो.

साठवणीबद्दल मला जास्त काळजी वाटते. आपल्याकडे कापूस घरातच भरून ठेवतात, बाहेर पऱ्हाटीची गंजी, वर टिन. मे महिन्यात त्या टिनाखाली बॅटऱ्या ठेवणं म्हणजे आगीला बोलावणं. टोकांना चिकटपट्टी लावा, पत्र्याच्या डब्यात कोरडी रेती घाला आणि डबा घरापासून लांब, सावलीत ठेवा. फुगलेली बॅटरी वेगळ्या डब्यात. मिठाच्या पाण्यात बुडवायचा सल्ला मानू नका, टोकं गंजतात आणि गळती सुरू होते.

विकायचं म्हणाल तर 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत गोळा करायची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे आणि त्या जमिनीत पुरायला किंवा जाळायला मनाई केली आहे. रिसायकलरला, म्हणजे जुन्या बॅटऱ्यांतून धातू काढणाऱ्या कारखान्याला, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचा नोंदणी क्रमांक विचारा. तो न देणाऱ्याला माल देऊ नका, आणि प्रत्येक प्रकाराचं वजन वेगळं लिहिलेली पावती घ्या.