आधी पाण्याचा कॉक उघडा

धुळ्यातल्या देवपूर भागातून एका ताईंनी लिहिलंय. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या महिना ६,००० रुपयांनी, ३०,००० डिपॉझिट घेऊन दिल्या. शंभराच्या स्टॅम्पवर अकरा महिन्यांचा करार, नोटरी केलेला. मुदत फेब्रुवारीत संपली. भाडेकरू निघेना, तीन महिन्यांचं भाडंही थकलं. भाच्याने सांगितलं म्हणून त्यांनी गच्चीवरच्या टाकीचा कॉक बंद केला, आणि भाडेकरू पोलिसांत गेला. "घर माझं, पैसे माझे बुडाले, मग गुन्हा माझ्यावर कसा?" हा त्यांचा प्रश्न.

ताई, हे वाचून झालं की पहिले गच्चीवर जा आणि कॉक उघडा. मेच्या उन्हात, तेही नळाला रोज पाणी न येणाऱ्या गावात, टाकी बंद करणं काय असतं ते तुम्हाला मी सांगायला नको. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २९ प्रमाणे घरमालकाला पुरेशा कारणाशिवाय पाणी, वीज तोडता येत नाही. तसं करणं गुन्हा आहे. भाडं वसूल करायचा तो रस्ताच नाही. भाचा उद्या कुलूप बदलायला सांगेल, तेही ऐकू नका. जबरदस्तीने बाहेर काढलेला माणूस सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो.

आता तुमच्या कागदाकडे येऊ. त्यावर नोटरीचा लाल गोल शिक्का आहे, पण दुय्यम निबंधकाची नोंदणी नाही. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, ही समजूत आपल्याकडे चहाच्या टपरीपासून ते शिकलेल्या घरांपर्यंत सगळीकडे आहे. महाराष्ट्रात ती चुकीची आहे. कलम ५५ प्रमाणे मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. चुकलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं. खोटं आहे हे तुम्ही सिद्ध करायचं.

‘लीव्ह अँड लायसन्स’चा, म्हणजे फक्त राहायची परवानगी देणारा करार नोंदवलेला असता तर मुदत संपल्यावर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा अर्जांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करून ताबा आणि ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई मागता आली असती. आता तो "मी साधा भाडेकरू" म्हणाला, की थकबाकीसाठी आधी लेखी नोटीस, मग नव्वद दिवस थांबणं, त्यानंतर दावा. त्यातही समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत सगळी बाकी १५ टक्के व्याजासह भरली, तर त्या कारणावरून तो निघत नाही.

म्हणून खरं सांगू? वकिलामार्फत नोटीस पाठवाच, पण बोलणीही करा. ३०,००० तुमच्याच हातात आहेत. थकलेले १८,००० आणि लाईटबिल वजा करून उरेल ते परत देते, अमुक तारखेला खोली रिकामी, असं लिहून दोघांच्या आणि साक्षीदारांच्या सह्या घ्या. उरलेली रक्कम मात्र किल्ली हातात आल्यावरच द्या, आणि पैसे मिळाल्याची पावती त्याच्याकडून तिथेच लिहून घ्या.