आम्ही बारा विद्यार्थी आहोत. कोल्हापुरात पर्यावरण किंवा समाजासाठी एखादा उपक्रम आखायचा असेल, तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही विज्ञान शाखेच्या दुसऱ्या वर्षाचे बाराजण आहात. पंचगंगेचे प्रदूषण, वृक्षारोपण, गणेशविसर्जन, पूरग्रस्तांना मदत आणि विधवा स्त्रियांचा प्रश्न असे पाच विषय तुमच्या यादीत आहेत. त्यांपैकी कोणता घ्यावा, आराखडा कसा करावा आणि परवानग्या व पैसे यांचे काय करावे, असे तुम्ही विचारले आहे. मी येथील एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते आणि गेली पंधरा-सोळा वर्षे विद्यार्थ्यांच्या अशा गटांबरोबर फिरते आहे. पुढे जे लिहिले आहे ते बहुतेक चुका करून शिकलेले आहे.

माझे पहिले सांगणे असे की यादी तूर्त बाजूला ठेवा आणि विषयाऐवजी जागा निवडा. एखादा नाला जिथे नदीत उतरतो तो कोपरा, एक गल्ली, एखाद्या गावातील शाळेमागची वाट, असे काहीही चालेल; अट एवढीच की तुमच्यापैकी निदान चौघांना तिथे दहा मिनिटांत सायकलने पोहोचता आले पाहिजे. ‘पंचगंगेचे प्रदूषण’ हा बाराजणांच्या आवाक्यातला विषय नाही. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि श्रद्धेने मानलेली गुप्त सरस्वती यांच्या संगमातून ही नदी प्रयाग चिखलीला तयार होते व नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. तेवढ्या वाटेत शहराचे आणि काठच्या गावांचे सांडपाणी, कारखान्यांचे पाणी, उसाच्या रानांतून वाहून येणारी खते असे सगळे तिच्या पोटात जाते. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यापासून उच्च न्यायालयातील याचिकांपर्यंत त्यावर बरेच काही होऊन गेले आहे. मात्र तुमच्या घराजवळच्या एका नाल्यातून जानेवारीत काय येते आणि मे महिन्यात काय येते, हे तुम्ही वर्षभर मोजून सांगू शकता, आणि ते सांगणारे दुसरे कोणी बहुधा नसते.

विज्ञानाचे विद्यार्थी म्हणून तुमच्याकडे एक साधन तयारच आहे. आंघोळीयोग्य नदीच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन प्रतिलिटर ५ मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक आणि जैविक ऑक्सिजन मागणी (पाण्यातली घाण कुजवताना जीवाणू वापरतात तो ऑक्सिजन) प्रतिलिटर ३ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी असावी, असा निकष आहे. यांतील पहिली गोष्ट विंकलर या रासायनिक पद्धतीने तुमच्या प्रयोगशाळेत मोजता येते, फक्त बाटलीतला ऑक्सिजन काठावरच रसायने घालून ‘बांधून’ घ्यावा लागतो. आम्ही एकदा नाल्याच्या तोंडाशी आणि तिथून वरच्या अंगाला, अशा दोन ठिकाणी बाटल्या भरल्या. मँगनस सल्फेट आणि अल्कलीयुक्त आयोडाइडचे द्रावण घालून त्या उलटसुलट केल्यावर वरच्या पाण्याच्या बाटलीत तपकिरी साका बसला आणि नाल्याच्या बाटलीत दुधासारखा पांढरा. पांढरा याचा अर्थ पाण्यात ऑक्सिजन जवळजवळ नाहीच. भोवती जमलेल्या पोरांना रसायनशास्त्रातले काहीही सांगावे लागले नाही. ‘ह्या पाण्यात मासा जगंल का?’ एवढेच त्यांनी विचारले आणि उत्तरही आपापसात देऊन टाकले. त्या दोन बाटल्यांच्या छायाचित्राने जे काम केले ते आमच्या आधीच्या तीन वर्षांच्या फलकांनी केले नव्हते.

जागा ठरली की लगेच कामाला लागू नका, आधी नुसते बघा. हा भाग सर्वांना कंटाळवाणा वाटतो आणि नेमका तोच वगळला जातो, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहिते. काही वर्षांपूर्वी आमच्या गटाने शहराच्या हद्दीलगतच्या एका वस्तीत नाल्याच्या कडेला साठणाऱ्या कचऱ्याचा प्रश्न हाती घेतला होता. लोकांमध्ये जागृती नाही, हे उत्तर आम्ही घरूनच घेऊन गेलो होतो. त्यानुसार पथनाट्य बसवले, फलक रंगवले, दोन रविवारी स्वतः हातमोजे घालून कचरा उचलला, आणि तिसऱ्या रविवारी ढीग पूर्वीइतकाच झालेला पाहून एकमेकांची तोंडे बघत उभे राहिलो. तेव्हा एका विद्यार्थिनीने हट्ट धरला की कचरा कोण टाकते आणि केव्हा टाकते, हे तरी एकदा पाहू. पुढचे चार दिवस समोरच्या चहाच्या टपरीवर पाळीपाळीने दोघे-दोघे बसले आणि टाकलेल्या प्रत्येक पिशवीमागे वहीत एक रेघ ओढत राहिले. निम्म्याहून अधिक रेघा सकाळी पावणेसात ते सव्वासात या अर्ध्या तासातल्या होत्या. शेवटच्या दिवशी एका हातात जेवणाचा डबा आणि दुसऱ्या हातात कचऱ्याची पिशवी घेऊन निघालेल्या एका बाईंना आम्ही विचारले. त्या थांबल्या नाहीत, चालता चालताच म्हणाल्या, “गाडी येती अकराला. मी सातला कंपनीच्या वाटंवर. कचरा काय डब्यातनं न्हेऊ व्हय?”

जागृतीचा प्रश्न नव्हताच. प्रश्न कचरागाडीच्या वेळेचा होता, आणि तो पथनाट्याने सुटणारा नव्हता. ती वही जोडून आम्ही अर्ज केला. तीन महिने हेलपाटे घातल्यावर आठवड्यातून दोन दिवस गाडी साडेसहाला येऊ लागली, आणि उरलेल्या दिवशी कामावर जाणाऱ्या घरांनी आपले डबे दिवसभर घरी असणाऱ्या तीन आजींच्या दारात ठेवायचे, असे वस्तीनेच ठरवले. आजींची ही व्यवस्था आम्हांला कधीच सुचली नसती. ढीग पूर्ण गेला असे मी म्हणणार नाही, तो साधारण निम्म्यावर आला. गाडीवरच्या कामगारांशी आम्ही सर्वांत शेवटी बोललो, ही तेव्हाची आमची मोठी चूक. कोणत्या घरातून ओला-सुका कचरा वेगळा मिळतो, कोणत्या वळणावर गाडी वळत नाही आणि कुठले कुत्रे अंगावर येते, इथपर्यंत सगळे त्यांना पाठ असते. तुम्ही त्यांच्यापासूनच सुरुवात करा.

वृक्षारोपणात मी स्वतः तोंडघशी पडले आहे. एका जुलैत आम्ही उत्साहाने दोनशे रोपे लावली आणि पुढच्या मेअखेर त्यांतली एकोणीस जगली होती. हिशेब सोपा होता, तो आम्ही केला नव्हता एवढेच. उन्हाळ्यात एका रोपाला आठवड्यातून दोनदा दहा लिटर पाणी धरले तर दोनशे रोपांना दर खेपेला दोन हजार लिटर लागतात, आणि फेब्रुवारी ते मे या काळात अशा तीसहून अधिक खेपा होतात. शिवाय त्यातले दोन महिने तुमच्या परीक्षांचे. म्हणून वीस रोपे लावा. त्यांना पंधरा लिटरचे चौदा कॅन पुरतात, ते एका टेम्पोत मावतात आणि जवळच्या एखाद्या घराने नळी दिली तर टेम्पोही लागत नाही. करंज, जांभूळ, वड, कडुनिंब यांसारखी इथली झाडे घ्या, खड्डे मे महिन्यातच दोन-दोन फुटांचे खणून तापू द्या, आणि तीन उन्हाळे कोण सांभाळणार त्याची नावे आधी लिहा. ती नावे लिहिता येत नसतील तर रोपे आणू नका.

पुराच्या बाबतीत कोल्हापूरकरांना वेगळे सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. जुलै उजाडला की ‘पाणी किती फुटावर?’ आणि ‘राधानगरीचे दरवाजे किती उघडले?’ हे आपले नमस्कार-चमत्कारच होतात. पण तरुण स्वयंसेवक धावतात ते पाणी चढल्यावर, आणि तेव्हा बोटी व प्रशिक्षण नसलेल्या मुलांनी पाण्याजवळ जाऊच नये असे माझे स्पष्ट मत आहे. तुमचे काम मे महिन्यातले आहे. पाणी येणाऱ्या एका गल्लीत घरोघर जाऊन अंथरुणाला खिळलेली माणसे कुठे आहेत, गरोदर स्त्री कुठे आहे, इन्सुलिन कोणाला लागते, जनावरे किती आहेत आणि ती कुठे हलवायची, याची एक पानी यादी करा. रेशनकार्ड, सातबारा आणि बँकेची पुस्तके यांच्यासाठी जाड प्लॅस्टिकची पिशवी प्रत्येक घरात द्या. त्या यादीची प्रत गल्लीतल्या तालमीत किंवा मंडळात ठेवा, कारण ऐन वेळी धावून जाणार आहेत ते तेच कार्यकर्ते, आणि दोर, टेम्पो व माणसे त्यांच्याकडे आधीपासून असतात. पाणी ओसरल्यावर चिखल काढायला उतरायचे असेल तर गमबूट आणि हातमोजे हवेतच, पायाला जखम असलेल्याने उतरू नये. अशा चिखलपाण्यातून जखमेवाटे होणारा लेप्टोस्पायरोसिस हा रोग चेष्टेने घेण्यासारखा नाही. मदत गोळा करायची झाल्यास जुने कपडे मागू नका. २०१९ च्या पुरानंतर मी दहा दिवस आलेले कपडे निवडण्यात घालवले, त्यात एक जरीची शेरवानीसुद्धा निघाली, आणि त्याच वेळी खराटे, फिनेल, सॅनिटरी पॅड व नवी अंतर्वस्त्रे यांसाठी लोक खोळंबले होते.

पहिलाच उपक्रम म्हणून काही छोटे करून पाहायचे असेल तर गणेशविसर्जनाच्या वेळचे निर्माल्य घ्या. तारीख पक्की असते, नदीऐवजी इराणी खणीसारख्या (पाणी साठलेल्या जुन्या खाणीसारख्या) ठिकाणी विसर्जनाची सवय शहराला लागलेली आहे, आणि काम एका दिवसात डोळ्यांना दिसते. फक्त निर्माल्य गोळा केले म्हणजे खत झाले असे नव्हे. हारांतला दोरा, जरीच्या पट्ट्या, टाचण्या आणि थर्माकोलचे तुकडे हातांनी काढावे लागतात. एक पोते निवडायला तीन माणसांना सहज एक तास लागतो, आणि नायलॉनचा दोरा राहिला तर तो पुढे खत चाळताना चाळणीत गुंततो. तेवढी माणसे आणि तेवढे तास तुमच्या आराखड्यात दिसले पाहिजेत.

विधवा स्त्रियांचा प्रश्न तुमच्या यादीत आहे, तो बहुधा हेरवाडमुळे असावा. शिरोळ तालुक्यातील या गावाच्या ग्रामसभेने ४ मे २०२२ रोजी पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र व जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही त्याचे अनुकरण करण्यास सुचवले. त्यात लक्षात घेण्याजोगे हे की ठराव गावाने आपल्याच ग्रामसभेत केला. बाहेरून आलेल्या कोणी फलक धरून तो करवून घेतला नाही. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलामुलींनी अनोळखी घरात जाऊन दुःखात असलेल्या बाईला तिच्या हक्कांवर काही ऐकवणे मला प्रशस्त वाटत नाही. तुम्हांला खरोखरच या विषयात काही करायचे असेल तर संक्रांतीला आपल्या स्वतःच्या घरच्या हळदीकुंकवाला कोणाकोणाला बोलावले जात नाही, त्यांची नावे लिहून काढा आणि त्यांतल्या एकीला तरी बोलावण्याविषयी आईशी, आजीशी बोला. बाराजणांपैकी किती जणांना हे जमते ते पाहिल्यावर गावात जायचे की नाही, हे तुमचे तुम्हांलाच कळेल.

परवानग्यांचे फार दडपण घेऊ नका. सार्वजनिक जागेवर काही करायचे असेल तर संबंधित कार्यालयात साध्या कागदावर अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का मारून पोच घ्या. तोंडी ‘करा की’ यावर विसंबू नका. माहिती हवी असेल आणि मागूनही मिळत नसेल तर माहितीचा अधिकार आहेच, अर्जाला दहा रुपये लागतात आणि उत्तराची मुदत तीस दिवसांची असते. मात्र पहिल्याच आठवड्यात तो अर्ज टाकला तर कार्यालयातले दार कायमचे आकसते, असा माझा अनुभव आहे. पैसे सुरुवातीला आपापसातच काढा. फलकावर स्वतःचा फोटो मागणाऱ्या दात्याकडून काहीही घेऊ नका. पुढच्या निवडणुकीत तुमचे हातमोजे त्यांच्या प्रचारात दिसतील. राष्ट्रीय सेवा योजनेत असाल तर वर्षाचे १२० तास तसेही द्यावे लागतात, ते या कामात धरून मिळतील का हे कार्यक्रम अधिकाऱ्यांना आधीच विचारा.

आणि बाराजण आहात म्हणून बाराजणांचा आराखडा करू नका, चौघांचा करा. दिवाळीनंतर साधारण तेवढेच उरतात. त्यात कोणाचा दोष नसतो. कोणाला नोकरी लागते, कोणाची आई आजारी पडते, कोणी स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत जाते. चौघांना पेलेल एवढेच काम ठेवले तर बाकीचे आठजण येतील त्या दिवशी ते लवकर उरकेल.

गटाला नाव काय द्यावे, हेही तुम्ही शेवटी विचारले आहे. ते आत्ता ठरवू नका. त्या नाल्याकाठच्या वस्तीत आमच्या गटाचे नाव मोठे संस्कृत होते, ते तिथे कोणालाच उच्चारता येत नव्हते; चौथ्या महिन्यात पोरे आम्हांला लांबूनच ‘रेघवाले आले’ म्हणून हाक मारू लागली, आणि अर्जावरचे नाव काहीही असले तरी आजतागायत तिथे आम्ही रेघवालेच आहोत.