वाचक विचारतात : मलावीच्या शाळेतली लापशी

प्रश्न : आमच्या पॅरिशच्या (चर्चच्या) युवा गटाला यंदाच्या नाताळात ‘मेरीज मील्स’ या संस्थेच्या आफ्रिकेतील मलावी देशातल्या शालेय आहाराला हातभार लावायचा आहे. जुने कपडे, दप्तरे पाठवावीत की पैसे? (एक वाचक, वसई)

उत्तर : पैसेच. मलावीला समुद्रकिनारा नाही. माल मोझांबिकच्या बेइरा किंवा नाकाला बंदरात उतरवून पुढे खुश्कीच्या मार्गाने न्यावा लागतो, आणि भाड्यापुढे जुन्या शर्टांची किंमत काहीच राहत नाही. शिवाय वापरलेल्या कपड्यांचे, तिथल्या भाषेत ‘काउंजिका’चे, बाजार मलावीत आधीच भरपूर आहेत.

आता पैसे कसे पाठवायचे? भारतात राहणाऱ्या व्यक्तीला रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस (परदेशी पैसे पाठवण्याच्या) योजनेखाली परदेशी संस्थेला देणगी देता येते. त्यासाठी बँकेत पॅन आणि ए-टू फॉर्म (परदेशी पैसे पाठवण्याचा अर्ज) द्यावा लागतो. योजना फक्त व्यक्तींसाठी आहे. गट नेमका इथेच अडकतो : वर्गणी पॅरिशच्या ट्रस्टच्या खात्यात जमा होते आणि ट्रस्टला ही वाट खुली नसते. ज्याने त्याने आपापल्या खात्यातून पाठवावे, आणि तेही वर्षातून एकदाच, कारण बँकेचे शुल्क दर वेळी नव्याने लागते. प्राप्तिकराच्या ८०जी कलमाची करसवलत या देणगीवर मिळत नाही, हे सगळ्यांना आधीच सांगून ठेवा.

प्रश्न : संस्था ख्रिस्ती आहे. मग जेवणासाठी धर्माची अट असते का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : नाही. स्कॉटलंडच्या मॅग्नस मॅक्फार्लेन-बॅरो यांनी २००२ मध्ये मलावीत सुमारे २०० मुलांपासून हे काम सुरू केले. नाव येशूच्या आईचे, पण ताट शाळेत येणाऱ्या प्रत्येक मुलाला. अट एकच, शाळेत येण्याची. जेवण घरी न देता शाळेत देण्याचे कारणही तेच.

प्रश्न : रोज लापशीच का? आणि ती शेकडो मुलांसाठी शिजवतात कशी? (एक शिक्षिका, नाशिक)

उत्तर : कारण ती एकाच भांड्यात होते, मगमध्ये वाढता येते आणि मक्याची सवय तिथल्या मुलांना आहेच. तिथली ही ‘लिकुनी फाला’ म्हणजे मका आणि सोयाबीनच्या पिठाची, जीवनसत्त्वे व खनिजे मिसळलेली लापशी. सोया प्रथिनांसाठी, नुसत्या मक्यावर मूल पोसत नाही.

मुलामागे १०० ग्रॅम कोरडे पीठ धरा. (आपल्या शालेय पोषण आहारातही पहिली ते पाचवीला धान्य १०० ग्रॅमच.) ५०० मुलांना ५० किलो पीठ आणि अंदाजे ३०० लिटर पाणी लागते. पीठ आधी गार पाण्यात कालवून मगच उकळत्या पाण्यात सोडायचे. कोरडे पीठ थेट टाकले की गुठळ्या होतात, त्या आतून कच्च्या राहतात आणि मुलांची पोटे बिघडतात. पुढे लांब लाकडी घोटण्याने तळापासून सतत ढवळायचे. हात थांबला की लापशी बुडाला लागते आणि करपट वास सगळ्या पातेल्याला येतो.

शिजवणारे बहुतेक मुलांचे आईबाप आणि आज्या, तेही बिनपगारी, पाळीपाळीने. योजना बंद पडायची झाली तर आधी इथे पडते. पेरणी-कापणीच्या दिवसांत स्वयंपाकाची पाळी असलेल्या बायका शेतावर जातात, चूल उशिरा पेटते आणि पहिला तास उपाशीपोटी जातो. पाळ्यांचा तक्ता शेतीचे दिवस बघूनच आखावा लागतो.

दुसरी अडचण हजेरीची. जेवण सुरू झाले की पट वाढतो. मलावीत प्राथमिक शिक्षण १९९४ पासून मोफत असल्याने वर्ग आधीच तुडुंब भरलेले. मुले अचानक वाढली की स्वयंपाकी लापशीत पाणी घालतात. मुलाचा मग भरतो, पोटही भरल्यासारखे वाटते, पण प्रत्येकाच्या वाट्याचे पीठ कमी होते. म्हणून पीठ जुन्या पटावर नव्हे, त्या सकाळच्या हजेरीवर मोजून काढायचे.

कोठाराची जागा कोरडीच हवी. पोती भिंतीपासून हातभर दूर, लाकडी फळ्यांवर रचायची आणि जुने पोते आधी फोडायचे. ओल लागलेल्या मक्याला बुरशी धरते, तिच्यातून अफलाटॉक्सिन हे विष तयार होते आणि ते शिजवूनही जात नाही. सोयाचे पीठ तेलकट असल्याने खवटही लवकर होते. वास आलेले पोते वाळवून, चाळून वापरायचे नाही, सरळ फेकायचे.