गाभा फुटतो की खचतो?

प्रश्न असा आहे : अतिनवताऱ्यांच्या (सुपरनोव्हा, म्हणजे फुटणाऱ्या ताऱ्यांच्या) संगणकीय प्रारूपांवर लिहिताना ‘ताऱ्याच्या घन गाभ्याचा स्फोट होतो’ हे वाक्य बरोबर आहे का?

‘घन’ आधी काढा. वाचकाला घन-द्रव-वायू आठवतात. ‘प्रचंड घनतेचा’ म्हणा.

खरी अडचण ‘स्फोट’ची. मोठ्या ताऱ्याच्या पोटात शेवटी लोखंडाचा गाभा साठतो. लोखंडाची अणुकेंद्रं एकत्र येऊन, म्हणजे मीलनातून, ऊर्जा निघत नाही. आधार सुटतो आणि साधारण पृथ्वीएवढा गाभा सेकंदाच्या आत काही दहा किलोमीटरांवर येतो. याला ‘कोसळणे’ चालेल, पण दरड कोसळते ती वरून खाली. जमीन खचते ती आतला आधार गेल्यामुळे. म्हणून मी ‘खचणे’ लिहीन.

फुटतो तो भोवतालचा तारा, आणि तोही मागाहून. १९८७ साली मोठ्या मॅगेलनी मेघात, म्हणजे आपल्या शेजारच्या दीर्घिकेत, दिसलेल्या अतिनवताऱ्याचे न्यूट्रिनो (द्रव्यातून जवळजवळ न अडता जाणारे सूक्ष्म कण) त्याच्या प्रकाशाच्या काही तास आधी पृथ्वीवर पोचले होते. ती गाभा खचल्याची वर्दी होती.

खचलेला गाभा अणुकेंद्राइतका दाटला की आणखी दबत नाही, उसळी घेतो. (किती नेमका शब्द, आणि आयता हाताशी!) त्या उसळीची आघातलाट मात्र दीडएकशे किलोमीटरवर अडते. तारा चेंडूसारखा सगळीकडून सारखा मानणाऱ्या गणितांत ती बहुधा तिथेच विझे, तारा फुटतच नसे. न्यूट्रिनोंची धग मिळून ती पुन्हा उठू शकते, हे भौतिकशास्त्रज्ञ हान्स बेथे आणि जेम्स विल्सन यांनी १९८५ साली मांडलं. पुढे त्रिमित गणितांत त्या धगीवर द्रव्य कसं हलतं ते दिसू लागलं. तिथे ‘उकळणे’ लिहू नका, ‘खदखदणे’ लिहा. चुलीवरचं पिठलं बघा : बुडातून जाड बुडबुडा उठतो, आणि त्याच्या बाजूने वरचं पिठलं खाली ओढलं जातं. लाटेला रेटा मिळतो तो अशाच खदखदीतून.

‘प्रारूप’ आणि ‘सिम्युलेशन’ही एक नव्हेत. गृहीतकं आणि समीकरणं म्हणजे प्रारूप. ती संगणकावर चालवून पाहणं म्हणजे सिम्युलेशन. हा शब्द मी तसाच ठेवीन.

तुमचं वाक्य मग असं होईल : ‘ताऱ्याचा गाभा खचतो, उसळी घेतो आणि भोवतालचा तारा फुटतो.’ अतिनवतारा श्वेतबटूपासून, म्हणजे इंधन संपून उरलेल्या लहान, दाट ताऱ्यापासून, झालेला असेल, तर मात्र गोष्ट वेगळी. तिथे कार्बन-ऑक्सिजनचा तो ताराच पेटून फुटतो, तेव्हा ‘स्फोट’ खुशाल लिहा.