१५ वर्षं जुनी लक्झरी वॅगन (छत मागेपर्यंत नेलेली, मोठ्या डिकीची कार) घ्यावी का?

घ्या, पण स्वस्त मिळतेय एवढ्यासाठी नको. गाडीची किंमत उतरते, सुट्या भागांची नाही.

आधी एअर सस्पेन्शन बघा. मर्सिडीजच्या २००३ ते २००९ मधल्या ई-क्लास वॅगनला मागे स्प्रिंगऐवजी हवेचे फुगे असतात. रात्रभर उभी गाडी सकाळी मागून बसलेली दिसली, तर बहुधा रबराला चिरा पडून हवा गळतेय. ती भरून काढायला कॉम्प्रेसर सारखा चालतो आणि शेवटी तोही जातो. मालकाला आधीच बजावा, ‘मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका’, नाहीतर कॉम्प्रेसर हवा भरून गाडी उचलतो आणि गळती लपते. डिकीचा गालिचा उचलून स्टेपनीच्या खोबणीत हात घाला, ओल लागली तर पाणी झिरपतंय. सर्व्हिसची बिलं नसतील तर मी तरी घेणार नाही. बिलं चोख असतील तर किमतीच्या निम्मी रक्कम दुरुस्तीसाठी बाजूला ठेवून खुशाल घ्या.