सहा वर्षांचा मुलगा, सायकलची बाजूची चाकं काढली की रडतो. मागून सीट धरून पळू का?

नको. सीट धरली की तोल तुम्ही सांभाळता, तो फक्त पायडल मारतो. बाजूच्या चाकांचंही तेच. सायकल कलतच नाही, आणि ज्या बाजूला कलते त्याच बाजूला हँडल वळवायचं ही खरी गोम मुलाला कळत नाही.

आधी दोन्ही पायडलं काढा. बहुतेक वेळा १५ नंबरचा पाना लागतो. डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या दिशेने सुटतं. (इथेच लोक जोर लावून आटे खराब करतात.) सीट इतकी खाली घ्या की दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकतील. सोसायटीच्या आवारात हलका उतार शोधा आणि पायांनी ढकलत जाऊ द्या.

तो अडखळेल, चिडेल, सायकल टाकून देईल. तेव्हा हँडलला हात लावू नका, "असं कर, तसं कर"ही नको, एकच सांगा, "समोर बघ." चाकाकडे पाहिलं की वेग मरतो आणि तोल जातो. रोज १५-२० मिनिटं पुरे, दमल्यावर पडणं वाढतं.

पाय उचलून सात-आठ मीटर सरळ जायला लागला की पायडलं परत लावा, सीट थोडी वर.

हेल्मेट, बंद बूट हवेतच. ब्रेकचा दांडा बोटांना पोचतो का तेही बघा. लांब असेल तर बऱ्याच सायकलींत दांड्यावरच्या छोट्या स्क्रूने जवळ घेता येतो. खरचटलं तर धुवा आणि थांबा, पुन्हा कधी बसायचं ते तो ठरवेल.